हिरव्या बाणांची वाट

पहिल्या तासाला देयानीराबाईंना स्वतःचाच आवाज परका वाटला. त्या रोजच्यासारख्या ओरडून शिकवत होत्या, आणि पहिल्या बाकावरच्या लुसेलीने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"बाई, आम्ही इथंच बसलोय," ती म्हणाली. वर्ग खदखदून हसला.

सान आंतोलिनच्या शाळेत सगळेच ओरडून बोलत. उभ्या उतारावरच्या या गावात सपाट जागा एकच होती, इंबिओ नदीच्या काठची. घरं वर चढत गेली आणि शाळा अन् तिचं मैदान खाली नदीशेजारी राहिलं. नदी दिवसरात्र धोंड्यांवर आपटायची, तिच्यावर आवाज चढवल्याशिवाय बेरीजसुद्धा शिकवता येत नसे. शहरातल्या बाजारात लोक म्हणत, "ही सान आंतोलिनची माणसं. मांडीला मांडी लावून बसतात आणि पलीकडच्या डोंगराशी बोलतात."

आज मात्र खडूची करकर शेवटच्या बाकापर्यंत पोचत होती.

मधल्या सुट्टीत मुलं मक्याची भाकरी आणि गरम गुळपाणी घेऊन बसली. सातवीची तिघं बादली नाचवत आली. बादलीत मासे होते.

"बाई, हातानं पकडले! डबक्यात पडलेत नुसते. नदी सुट्टीवर गेलीय."

देयानीराबाई मैदान ओलांडून काठावर गेल्या. एरवी पाण्याखाली असणारे धोंडे उघडे पडले होते, त्यांच्यावरचं शेवाळ अजून ओलं होतं. मधून एक गढूळ धार वाहत होती, कपडे धुतल्यावर अंगणातून वाहते तेवढी. हवेत ताज्या चिखलाचा आणि मोडलेल्या लाकडाचा वास होता.

सकाळी वरच्या पठारावरून दुधाची जीप आली नव्हती. ड्रायव्हरचा निरोप होता, रात्रभर पाऊस कोसळतोय, रस्त्यावर दरड आलीय. वर रात्रभर पाऊस आणि खाली नदी कोरडी. बाईंनी ही दोन वाक्यं मनात शेजारी शेजारी ठेवली. पाणी आटलेलं नव्हतं. ते वरच्या घळीत कुठंतरी कोसळलेल्या दरडीमागे तुंबत होतं. आणि चिखलाचा बांध फार काळ टिकत नाही.

आज शाळेची आपत्तीची रंगीत तालीम होती. घंटा झाली की सगळी शाळा मैदानात, नदीच्या काठाला, ओळीनं उभी राहणार होती.

त्या ऑफिसात गेल्या तेव्हा मुख्याध्यापक एलियेसेर सर पाहुण्यांसाठी कॉफी ओतत होते. पाहुणे म्हणजे आपत्ती समितीचे पेरेआ साहेब, शहरातून आलेले. मांडीवर कर्णा, अंगात नवं कोरं नारिंगी जाकीट.

"या बाई," एलियेसेर सर म्हणाले. "साहेब, ही आमची सुरक्षा समिती. भिंतीवरचे हिरवे बाण यांनीच रंगवून घेतलेत."

"छान आहेत. फोटोत उठून दिसतात," साहेब म्हणाले.

बाईंनी नदीचं सांगितलं. वरच्या घळीत पाणी अडलंय, मुलांना मैदानात आणू नका, आत्ताच्या आत्ता वर चर्चकडे न्या.

"म्हणजे नदीत पाणी नाही म्हणून तुम्हाला पुराची भीती वाटते?" साहेबांनी कॉफी फुंकली.

"हो."

"आणि पाणी असतं तेव्हा?"

"तेव्हा ते कुठं आहे ते दिसतं तरी."

सर हसले, पण अर्धवटच. साहेब हसले नाहीत. "बाई, आजची तालीम भूकंपाची आहे. भूकंपात मोकळं मैदान. जागा मंजूर झालेली आहे. बदलायची तर समितीची बैठक लागते."

"मग वर फोन करा ना. कोणी जाऊन घळ बघेल."

"केला होता. पठारावर आता फोन लागत नाही. पावसात असंच असतं तिथं."

"बाई, तासाभराचा प्रश्न आहे," एलियेसेर सर हळूच म्हणाले. "तालीम होऊन जाऊ दे. मग मी स्वतः तुमच्याबरोबर वर येतो."

तासाभराचा प्रश्न. बाई बाहेर आल्या. व्हरांड्यात त्यांचे हिरवे बाण एकामागून एक मैदानाकडे धावत होते. मागच्या मोठ्या भूकंपात भिंतीखाली मुलं सापडली, त्यानंतर त्यांनीच ही शिस्त लावली होती. घंटा झाली की दप्तर सोडायचं, हात डोक्यावर, मैदान. बालवर्गातली मुलंसुद्धा झोपेत असावीत तशी चालत जात. आता त्यांनी धोक्याची घंटा वाजवली असती, तर सगळी शाळा तिथंच गेली असती, जिथं तिनं जाता कामा नये.

क्रीडासाहित्याच्या खोलीत आर्सेसिओ सर ढोलाची दोरी आवळत होते. ते कवायत शिकवत आणि शाळेचा बँड बसवत.

"सर, बँड काढा. आत्ता. कार्मेनमातेच्या सणाला काढता तसा, वर चर्चपर्यंत."

"सण पुढच्या महिन्यात आहे, बाई. पंचांग बदललं काय?"

"नदी ऐका."

आर्सेसिओ सरांनी मान तिरकी केली. ऐकण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच त्यांनी बराच वेळ ऐकलं.

"पाणी आलं नाही तर?"

"तर मी वेडी ठरेन."

"ते तर गावाला ठाऊकच आहे. माझी नोकरी जाईल त्याचं बोला," असं म्हणत त्यांनी ढोल गळ्यात अडकवलासुद्धा.

मोठ्या मुलांनी ढोल घेतले, मुलींनी तुताऱ्या. पहिला ठोका पडला आणि वर्गांची दारं आपोआप उघडली. बँड फाटकातून डावीकडे वळला की मागं चालायचं आणि वर चर्चच्या दारात गुळाच्या वड्या मिळतात, हे गावात कोणाला शिकवावं लागत नसे. शिक्षकही निघाले. कोणी विचारलंच तर बाई म्हणत, "साहेब आलेत ना, म्हणून." तेवढं पुरत होतं.

वाट चढणीची आणि अरुंद होती. बँड पहिलं वळण घेऊन दुसऱ्याकडे गेला. बाई शेवटी बालवर्गाबरोबर होत्या. लुसेली तिच्या धाकट्या भावाचा हात धरून त्यांच्यापुढे चालत होती.

तेवढ्यात खाली घंटा झाली.

एलियेसेर सरांनी रिकामे वर्ग पाहिले असावेत. किंवा साहेबांनी घड्याळ. घंटा थांबून थांबून, तिहेरी ठोक्यांनी वाजत होती, बाईंनीच ठरवून दिल्याप्रमाणे. चढणीवरची रांग थबकली. मग बालवर्गातल्या मुलांनी हात डोक्यावर ठेवले, ती माघारी वळली आणि खाली चालू लागली.

"नाही! वर! सगळ्यांनी वर चला!"

लुसेली गोंधळून त्यांच्याकडे पाहत होती, पण पाय चालतच होते. "बाई, तुम्हीच सांगितलंय. घंटा झाली की कोणाचं ऐकायचं नाही. आईचं नाही. तुमचंपण नाही."

त्यांनी एका मुलीला धरलं तर दुसरी काखेखालून निसटली. मुलं हट्ट करत नव्हती. ती शहाण्यासारखी वागत होती, शिकवलं होतं तशी. वरच्या वर्गांतलीही काही वळू लागली.

"आर्सेसिओ सर!" बाई किंचाळल्या. "घंटा ऐकू येऊ देऊ नका!"

आर्सेसिओ सर बँडसकट धावत खाली आले, रांगेच्या कडेनं, घसरत. वाटेच्या तोंडाशी ते बालवर्गाला आडवे झाले आणि त्यांनी सगळे ढोल एकदम बडवायला लावले. ताल नव्हता, नुसता दणदणाट. घंटा त्यात बुडाली. मुलं थांबली. डोक्यावरचे हात हळूहळू कानांवर आले. मग ढोल एक पाऊल पुढं, मुलं एक पाऊल मागं, असं करत बँडनं त्यांना वर रेटलं.

दुसऱ्या वळणावरून बाईंना खालची शाळा दिसली. मैदानात खुर्च्या मांडलेल्या होत्या. पेरेआ साहेब कर्णा तोंडाला लावून चढणीकडे ओरडत होते. व्हरांड्यात एलियेसेर सर घंटेपाशी उभे होते. टोल्याचा दांडा त्यांच्या हातात होता, पण हात हवेतच राहिला होता आणि तोंड घळीकडे वळलेलं होतं. मग त्यांनी दांडा टाकला, धावत मैदानात जाऊन साहेबांचं जाकीट धरलं आणि त्यांना चढणीकडे ओढत आणू लागले.

ढोल चालूच होते. बाईंना काही ऐकू आलं नाही. आधी ते तळव्यांना कळलं. वाटेवरची बारीक खडी जागच्या जागी थरथरत होती.

"चर्चपर्यंत! थांबू नका!"

चर्चच्या ओट्यावर शेवटचं मूल पोचलं तेव्हा बाईंनी हात वर केला. ढोल थांबले, पण शांतता झाली नाही. घळीच्या तोंडातून दगडावर दगड दळल्यासारखी घरघर येत होती, आणि तिच्यापुढून थंड, मातीच्या वासाचा वारा. खाली पहिल्या वळणावर नारिंगी जाकीट आणि त्याला ओढणारा पांढरा सदरा चढताना दिसत होते. त्यांच्यामागं चिखलपाण्याच्या लोंढ्यात झाडं उभीच्या उभी सरकत आली आणि व्हरांड्याची भिंत बाणांसकट दिसेनाशी झाली.

लुसेली बाईंचा हात ओढून काहीतरी विचारत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते.

"मोठ्यानं बोल," बाई ओरडल्या. "मोठ्यानं!"