गुरुजींची तारीख

सकाळपासून उषाबाई उत्तरं पाठ करत होती. दहा ते बाराच्या दरम्यान व्हिसासाठी दिल्लीहून नॉर्वेच्या वकिलातीचा फोन येणार होता, आणि एकोडीत नीट रेंज मिळते ती तलावाच्या पाळीवर. म्हणून दोघी बहिणी नऊलाच तिथे येऊन बसल्या होत्या.

उषाबाईचा मनिष नॉर्वेत नोकरीला. पौषात तिकडे आभाळात हिरवे उजेड नाचतात, ते बघायला त्याने आईला आणि मावशीला बोलावलं होतं. मावशीला, म्हणजे उषाबाईच्या थोरल्या बहिणीला, पंचफुलाबाईला, काचबिंदू. पुढच्या हिवाळ्यापर्यंत नजर टिकेल याची हमी नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. मोबाइलमध्ये ते उजेड पाहून ती म्हणाली होती, "एवढ्या उजेडात त मलेही दिसन वो." तेव्हापासून उषाबाईने ध्यासच घेतला होता.

आडवी आली ती तारीख. दोघींची नावं शाळेत एकाच दिवशी पडली, कारण धाकटीला सोडून मोठी कुठे जातच नसे. जन्माची नोंद होती कोणाकडे? दोघी पहिलीत, म्हणून गुरुजींनी वयही पहिलीचंच लावलं. मोठीला एक जुलै, धाकटीला पुढची एक जानेवारी, आणि हात झटकून मोकळे झाले. सहा वर्षांचं अंतर सहा महिन्यांवर आलं. जन्मभर त्याने कोणाचं काही बिघडलं नाही. आता मात्र पासपोर्टवर आईबाप एकच आणि लेकी सहा महिन्यांच्या अंतराने!

साकोलीत फॉर्म भरून देणारा भैय्याजी दीडशहाणाच. त्याने तोडगा काढला होता, "मोठीले पाळलेली सांगा. बापानं आणून पाळली म्हणा. मंग तारखा जुळते."

"सांग ना," पंचफुलाबाई लगेच म्हणाली होती. "शब्दानं का अंगाले भोकं पडते?"

साडेअकराला फोन वाजला. उषाबाईने तो स्पीकरवर टाकला. साहेब हिंदीत विचारत होता, पण मराठी त्याला समजत होतं. कुठे राहणार, कधी परतणार, सगळं पाठ केलेलं तिने धडाधड सांगितलं. मग तो थोडा थांबला.

"पंचफुला जी आपकी सगी बहन हैं?"

उषाबाईने बहिणीकडे पाहिलं. ती शेतात कापून पडलेल्या धानाकडे तोंड करून बसली होती. मांडीवरची मूठ तेवढी आवळलेली होती.

"नाही साहेब, ते... पाळले..."

पुढचं तोंडातून निघेना.

"जी? बोलिए."

पंचफुलाबाईने चाचपडत फोन ओढून घेतला.

"पाळलेली हे हाये, साहेब! मी नाही. हिले जनम देऊन माय गेली. मीनं पाळलं हिले, सहा वर्साची असून. तारखा गुरुजीनं लावल्या. खरी तारीख मले मालूम नाही, पर हे झाली तवा धान निसवून राहिला होता, लोंब्या बाहेर आल्या होत्या."

तेवढ्यात फोन कटला.

"गेलं सारं," उषाबाई फणकारली. "तूच कबूल झाली होती ना, बाई? मंग काहून बोलली?"

पंचफुलाबाईने फोन तिच्या मांडीवर ठेवला. दहा मिनिटांनी तो पुन्हा वाजला.

"माताजी, लाइन कट गई थी. वो धान वाली बात... कौन-सा महीना था?"

"भादवा!" दोघी एकदमच बोलल्या.

"ठीक है," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

नऊ दिवस उषाबाईला अन्न गोड लागलं नाही. दहाव्या दिवशी पासपोर्ट आले. दोन्हींवर व्हिसा होता. ती रडायलाच लागली.

"बाई, मी पाळलेली म्हणणारच होतो वो तुले."

"आयकलं ना मी." पंचफुलाबाईने व्हिसाचं पान अगदी डोळ्यांपाशी नेलं. "तो शब्द कानात घेऊन गेलो असतो, त तिकडं मले काय दिसलं असतं?"