कंगोऱ्यांची निळी बाटली

मित्रांनो, जरा लांबच बसा आणि हात न लावता ऐका. मी औषधाची एक जुनी बाटली आहे, गडद निळ्या काचेची. माझ्या अंगावर उभे कंगोरे आहेत. लोकांना ती नक्षी वाटते. ती नक्षी नाही.

गोंदियाला रेल्वे आली, त्यानंतर काही वर्षांनी केशोराव वैद्यांनी रुळाजवळ औषधांचा कारखाना काढला. देवरीच्या जंगलातून बैलगाड्या भरून हिरडा-बेहडा यायचा आणि मोठमोठ्या कढयांत उकळायचा. पुढे तिथे तापमापी बनू लागल्या, सुई टोचायच्या काचेच्या पिचकाऱ्या बनू लागल्या. मी मात्र भाताच्या तणसात गुंडाळून आले ती थेट मागच्या खोलीत. तिथे सांधेदुखीवर चोळायचं बचनागाचं तेल भरत. बचनाग म्हणजे जहर. त्या खोलीत कुणी बोलत नसे, कारण काम करता करता ओठ बधिर होत. माणसं मुकाट हलायची, सावल्यांसारखी.

नव्या कामगाराच्या डोळ्यांवर केशोराव पट्टी बांधत. त्याच्या हातात आधी गुळगुळीत बाटली देत, मग मला; त्यासाठीच मला वर्षानुवर्षं रिकामी ठेवलं होतं. "बोटाले खरखर लागली का थांबायचं," ते म्हणत. "जहर फक्त हिच्यातच. दुसरं काही भरलं, तर हिची जीभ कापली समजा." मला अभिमान वाटायचा. अंधारातही माणूस माझं ऐकत होता.

केशोराव गेले आणि पुढे दुसरं महायुद्ध आलं. फौजेची मागणी वाढली, बाटल्या मिळेनात. त्यांच्या मुलाने, नंदलालने, हुकूम सोडला, "जी बाटली हाती लागन तिच्यात भरा. चिठ्ठी चिकटवली का झालं." तेव्हापासून लहान मुलांचा बाळकाढाही कंगोऱ्यांच्या बाटल्यांत जाऊ लागला.

त्या टंचाईत मलाही भरलं, आणि मी पोटात बचनागाचं तेल घेऊन सडक अर्जुनीजवळच्या एका पोवार घरी पोचले. राजकुमारीबाईंचे गुडघे धरले होते, आणि त्यांची सून धनवंता नुकतीच बाळंत झाली होती. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खोलीच्या फटी चिंध्यांनी बुजवलेल्या, दारावर पोतं टांगलेलं. भर दुपारी काळोख. ओव्याच्या धुरीत कुठलाच वास वेगळा कळत नसे. सासूबाई तिथेच बसून गुडघे चोळत आणि मला कोनाड्यात ठेवत. शेजारी बाळकाढ्याची बाटली. तोच निळा रंग, तेच कंगोरे. चिठ्ठ्या कधीच गळून पडलेल्या.

एका दुपारी बाळ रडू लागलं. धनवंताने हात लांबवला. तिची बोटं माझ्यावरून फिरली. मी सगळ्या अंगाने थांब, थांब म्हणत होते. तिला ओळखीचे कंगोरे लागले आणि ती निश्चिंत झाली. तिने चमच्यात ओतलं.

"दे ना लवकर. कवाचं रडून राहिलं लेकरू," राजकुमारीबाई म्हणाल्या.

"थांबा माय, चाखून पाहू द्या मले."

"रोजचंच चाखणं. पोट तुहं दुखते का त्याचं?"

धनवंताने चमच्याला जीभ लावली. क्षणभर काहीच झालं नाही. मग ती थुंकली, पुन्हा थुंकली. "माय, जीभ... जीभ कुठी हाय माही?" शब्द बोबडे येत होते. सासूबाईंनी दारावरचं पोतं ओढून काढलं. उजेडात आम्ही दोघी जुळ्या बहिणींसारख्या उभ्या होतो. बाळ रडतच होतं, आणि राजकुमारीबाई त्या रडण्याकडे कान देऊन नुसत्या बसून राहिल्या.

धनवंताची जीभ हळूहळू परतली. पण मित्रांनो, माझ्यासारख्या कितीतरी बाटल्या कितीतरी काळोख्या खोल्यांत गेल्या. सगळ्याच आया चाखून बघत नसतील. कधी कधी माझ्या काचेत कुठलंसं रडणं घुमतं. ते बराच वेळ चालतं आणि मधेच थांबतं.

यंदा देश स्वतंत्र झाला. कारखान्याला त्याआधीच कुलूप लागलं होतं. धनवंताने मला फोडलं नाही. जहराच्या काचा पोराच्या पायाखाली येतील ही तिला भीती. तिने बूच ठोकून मला आढ्याला टांगलं. दुपारी छपराच्या कवेलूंच्या फटींतून ऊन येतं आणि माझा निळा ठिपका जमिनीवर सरकत जातो. तिचं बाळ आता धावतं. ते ठिपक्यावर तळहात ठेवतं, मग वर माझ्याकडे बघून हसतं.

माझ्या तळाशी अजून तेल आहे. म्हणून सांगते, औषधावरचं नाव पुसू देऊ नका, एका औषधाची बाटली दुसऱ्या औषधाला वापरू नका. आणि मी कुठे दिसलेच, कितीही सुंदर दिसले, तरी हात लावण्याआधी आईला हाक मारा.