प्रॅक्टिकल राउंडची वेठ

सॉफ्टवेअरच्या इंटरव्ह्यूत काय काय होतं, हे आमच्या वसईच्या क्लासमध्ये जितेंद्र सर घोकून घ्यायचे. पहिला राउंड गणितं आणि कोडी. दुसरा टेक्निकल, म्हणजे कागदावर प्रोग्राम. तिसरा प्रॅक्टिकल. शेवटी ‘स्वतःबद्दल सांगा’, आणि ते इंग्रजीत. गाव विचारलं तर जूचंद्र म्हणू नका, नायगाव म्हणा. जमलं तर वसईच म्हणा. मी मुकाट वसई म्हणाले. पण समोरचा माणूस चोर निघाला तर काय करायचं, ते सरांनी शिकवलं नव्हतं.

तेव्हा मंदी होती. मुंबईतल्या कंपन्या फोनही उचलत नव्हत्या. त्यात वसई पूर्वेला, गाळ्यांच्या इस्टेटीत, दवाखान्यांसाठी प्रोग्राम बनवणारी एक कंपनी निघाली. मालक जयवंत साहेब. “आपल्या भागातल्या पोरांना संधी मिळावी म्हणून मी इथे आलो,” असं ते प्रत्येकाला सांगत. मलाही सांगितलं.

दोन राउंड मी पास झाले. तिसऱ्यात म्हणाले, “पेशंटचं बिल निघेल असा स्क्रीन करून दाखव.” आठवडाभर रोज जाऊन केला. परीक्षा आठवडाभर कशी काय चालते, हा प्रश्न मला पडला नाही. क्लासमध्ये दोघांत एक मशीन असायचं. इथे अख्खं मशीन माझं. मी त्यातच खूश.

नोकरी मला हवीच होती. आमची आई, यशोदा, त्याच इस्टेटीत औषधाच्या कंपनीत गोळ्या पॅक करायची, दिवसभर उभी राहून. पाय सुजायचे. दिवाळीपर्यंत काही लागलं नाही तर मीही तिच्या शेजारी उभी राहायचं ठरलं होतं. ठरवताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

मग फायनल राउंडला बोलावलं. जयवंत साहेबांनी मला मशीनवर बसवलं. स्क्रीनवर औषधांच्या साठ्याचा प्रोग्राम होता, वर एका दवाखान्याचं नाव.

“तुझं बिल ह्याला जोड. जोडलंस की ऑफर लेटर.”

मी आधी तो प्रोग्राम चालवून बघितला. तारीख न भरता बटण दाबलं. चौकट आली, इंग्रजी अक्षरांत मराठी: ‘अरे बाबा, तारीख टाक.’

हे विघ्नेशचं. नालासोपाऱ्याचा विघ्नेश, क्लासमध्ये माझ्याच मशीनवर बसायचा. आम्ही सगळे गंमत म्हणून असे मेसेज टाकायचो आणि सरांना दाखवायच्या आधी पुसायचो. विघ्नेशचे ‘अरे बाबा’ने सुरू व्हायचे, आणि एखादा पुसायचा तो हमखास विसरायचा. उन्हाळ्यात तो इथेच इंटरव्ह्यूला आला होता. ‘इंग्लिश कच्चं’ म्हणून परत पाठवला. तेव्हापासून स्टेशनबाहेर मोबाइलची कव्हरं विकत होता.

“सर, विघ्नेश इथे लागला का?”

“कोण विघ्नेश?”

“हा प्रोग्राम ज्याने केलाय तो.”

साहेब हसले. “अगं, ती त्याची टेस्ट होती.”

“मग ती दवाखान्याला कशी विकताय?”

“मॅडम, तुम्ही इंटरव्ह्यू द्यायला आलात की घ्यायला?”

तेवढ्यात लाइट गेली. जनरेटर फक्त केबिनपुरता. “उद्या ये,” साहेब म्हणाले, “आणि डोकं थंड करून ये.”

घरी सांगितलं. आई म्हणाली, “जोडून दे ना बाय. येवरं केलंस, तेवरं कर. माझ्यासारखी उभी नको रवूस.”

बाबा, म्हणजे दयाराम, मिठागरं बंद पडल्यापासून भातशेतीच बघायचे. ते म्हणाले, “लावनीला दुसऱ्याच्या शेतात गेलो तर तो दुपारी भात वाढतो, नि आपल्या लावनीला येतो. तुझ्या सायबानं भात वाढला?”

“नाही.”

“चहा?”

“टपरीवर घेतला. माझा मीच.”

“मंग ती परीक्षा नाय, वेठ हाय. आमच्या बापानं केलेली.”

आई भांडी घासायला उठली. “तुमच्या बापाला लेटर मिलनार नव्हतं,” तिने तिथून ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी गेले. मशीनवर बसलेच नाही. “सर, आधी लेटर द्या. आणि विघ्नेशलाही बोलवा. मग जोडते.”

जयवंत साहेबांनी केबिनचं दार उघडून बाहेर बोट दाखवलं. बाकांवर पोरं-पोरी फायली मांडीवर घेऊन बसली होती. “तुझं बिल माझ्याकडे आहेच. जोडायला ह्यांतलं कोणीही चालेल. या आता तुम्ही, मॅडम.”

म्हणजे नोकरी गेली. ती कधी नव्हतीच, हे त्याहून वाईट.

मी बाहेर आले आणि त्या पोरांना सगळं सांगितलं. प्रॅक्टिकल राउंडला जे करून घेतात ते विकतात, करणाऱ्याला परत पाठवतात, नावानिशी सांगितलं. आवाज चढला होता, चढू दिला. एक टायवाला पोरगा म्हणाला, “ताई, तुमचं सिलेक्शन नाही झालं म्हणून बोलताय ना?” बाकीच्यांनी माना खाली घातल्या. कडेला बसलेल्या उन्नती नावाच्या मुलीने मात्र पेन काढलं. “बरं, प्रॅक्टिकलला नक्की काय विचारतात? बिलच, की दुसरं काही?”

माझं डोकं फिरलं. मी चोरी सांगतेय आणि ही तयारी करतेय. ओठांवर आलेली शिवी मी गिळली, कारण तिच्या चपलेचा अंगठा शिवलेला होता आणि तिलाही कुठेतरी उभं राहायचं नव्हतं.

“जोडायला सांगतील,” मी म्हटलं. “तू आधी लेटर माग. नाही दिलं तर मशीनला हात लावू नकोस.”

“आणि त्यांनी हाकललं तर?”

“तर माझ्यासारखी बाहेर येशील.”

तिचं नाव पुकारलं. ओढणी सारखी करून ती आत गेली आणि दार लागलं. शिपाई माझ्याकडे आला. “तुमचं झालं ना? मग निघा.”

मी उन्नतीच्या रिकाम्या जागेवर बसले. टायवाल्याने जरा सरकून जागा दिली.

“ती बाहेर आल्यावर निघते,” मी म्हटलं. “आणि तिच्या मागचा आत गेला, तर तो येईपर्यंतही बसेन.”