शेवटचं प्रकरण

मराठी मुलखाबाहेरच्या आमच्या बूढ़ापाऱ्यात मराठी पुस्तक विकत मिळत नाही, त्यामुळे काय वाचायचं ते आम्हाला पुण्याचे एक लेखकमहाशय सांगतात. दर रविवारी ते फेसबुकवर एका पुस्तकाची शिफारस करतात आणि आमच्या मराठी मंडळाचा वाचनकट्टा ते लगेच मागवतो. सुरुवातीला खरंच चांगली पुस्तकं हाती लागली, खोटं कशाला बोलू? पुढे पुढे मात्र शिफारस वाचली की पुस्तक वाचून झालं, असंच लोकांना वाटायला लागलं.

आमचे हे, म्हणजे विनायक, रेल्वेतून निवृत्त झाले आणि बीरगांवच्या कारखान्यात राबणाऱ्या सारजाबाईची कादंबरी लिहून बसले. मीच ती टाइप केली, त्यामुळे मला जवळजवळ पाठ आहे, इतकी की छापील प्रत मी उघडलीही नाही. नागपूरच्या छापखान्यातून गठ्ठे आले त्याच दिवशी यांनी एक प्रत पुण्याला धाडली आणि कट्ट्यातल्या सगळ्यांना घरोघरी नेऊन दिली. "वाचून सांगजा बरं," एवढंच म्हणायचे.

कोणी काही सांगेना. बाजारात भेटलं की "हव, वाचून राहिलो" म्हणायचे आणि भाजीकडे वळायचे. बेल वाजली की हे धावायचे, तर दारात दूधवाला. मला या माणसाची कीव यायची आणि त्या लोकांचा संताप.

मग एका रविवारी पुण्याहून आमच्याच पुस्तकाची शिफारस आली. 'शेवटचं प्रकरण वाचून मी सुन्न झालो.' झालं! ज्यांनी महिनोन् महिने पान उलटलं नव्हतं, त्यांनी मंडळात सत्कार ठेवला.

"काय शेवट लिहिला हो, विनायकराव!" अध्यक्ष बाबाराव म्हणाले. "सुन्न झालो ना मी!"

कट्ट्यातल्या पद्मजाताईही सुन्न झाल्या होत्या. एकाच ठेल्यावरची भाजी सगळ्यांच्या पिशवीत.

मी विचारलं, "ताई, शेवटी सारजा पोरीला जे सांगते, ते कसं वाटलं?"

"अगं, तेच तर! डोळ्यात पाणी आलं."

सारजाला पोरगी नाही. हे माझ्याकडे न बघता मांडीवरचा नारळ कुरवाळत बसले.

घरी आल्यावर यांनी खाटेखालून एक गठ्ठा ओढला. छापलेली सुटी पानं, सुतळीसुद्धा सोडलेली नाही.

"हे काय आहे?"

"शेवटचं प्रकरण. छापखान्यावाला बांधाचंच विसरला. एकाही प्रतीत नाही, गोष्ट अर्ध्यातच तुटते. सगळ्या वाटून झाल्यावर मले समजलं. मग त्यानं ही पानं पाठवली."

"मग सांगितलं काहून नाही?"

"म्हटलं, ज्यानं वाचलं तो भांडाले येईन, शेवट कुठं आहे म्हणून. त्याले बसवू, चहा पाजू, अन् हातात पानं देऊ." त्यांनी गठ्ठा मांडीवर घेतला. "वाट पाहून राहिलो होतो."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी मोबाइल काढला आणि त्या शिफारशीखाली लिहायला घेतलं, 'महाशय, जे छापून बांधलंच नाही ते वाचून आपण सुन्न कसे झालात?'

यांनी माझा हात धरला. "राहू दे, प्रमोदिनी. खोटं का होईना, चांगलं आहे म्हटलं ना कोणी."

मी ते पुसलं. इतक्या कडवटपणाने मी जन्मात काही पुसलं नव्हतं.

गठ्ठा अजून खाटेखालीच आहे. अजूनही बेल वाजली की हे आधी खाटेखाली बघतात, मग दार उघडायला जातात.