समितीचा सत्कार

एके काळी सोलापूरच्या विद्यापीठात सोमशेखर सरांच्या कन्नड विभागात बाकं पुरत नसत. पोरं दारात उभी राहून ऐकायची. पुढं सीमेकडच्या कन्नड शाळांत मास्तरांच्या जागा निघेनाशा झाल्या आणि वर्ग विरळ होत गेला. यंदा उरली होती एकटी श्रीदेवी, अक्कलकोटची. एम.ए.चं एकच वर्ष बाकी होतं. विद्यापीठाची समिती विभाग ठेवायचा की मोडायचा ते ठरवणार होती. मोडला, तर पुढचं शिक्षण धारवाडला; आणि तिचे वडील गुरुबसप्पा तिला तिकडं धाडणार नाहीत, हे सर जाणून होते.

श्रीदेवीनं समितीपुढं वाचायला जुन्या कन्नडातला एक शिलालेख तयार केला होता. समिती यायच्या दिवशी त्याचा कागदी ठसा तिनं भिंतीवर लावला.

"सर, मी आधी वाचते की. मग चहापाणी."

"खुळी का काय तू? पाहुण्यांना आल्या आल्या कामाला लावतात व्हय?"

मग शाली झाल्या, नारळ झाले, कडक भाकरी अन् शेंगाची चटणी झाली. श्रीदेवीची आत्या काशम्मा हिनं कन्नड पदं म्हटली. समितीच्या अध्यक्षांनी ताल धरला.

"वा! मावशी, कुठं शिकलात हे?"

"शिकायचं काय त्यात? घरातलंच हाय की. शाळेचं तोंड न्हाय बघितलं मी."

सगळे हसले. अध्यक्ष शेजारच्याला म्हणाले, "भाषा घरातच येते यांना. मग विभाग कशाला?"

पाहुण्यांबरोबर सरही हसले. मग घाईनं ते भिंतीवरच्या ठशाजवळ गेले.

"साहेब, ही मुलगी आता शिलालेख वाचेल. हे घरात येत नाही. काशम्मांना यातलं अक्षरही..."

"सर, डेटा सायन्सवाले ताटकळलेत," शिपाई दारातून म्हणाला.

अध्यक्ष उठले. "पुढच्या वेळी नक्की ऐकू हं, बाळ."

दिवाळीआधी विभाग बंद झाला. खोलीत संगणक आले. सर अक्कलकोटला गेले.

"धारवाडला मुलींचं वसतिगृह चांगलं आहे," ते गुरुबसप्पांना म्हणाले.

"असंल की. पण सोलापुरात तुमी होता, म्हणून धाडली. आता सोयरिकीचं बोलणं चाललंय, सर."

श्रीदेवी चहा घेऊन आली.

"तू तरी बोल, पोरी," सर म्हणाले.

"त्या दिवशी मला बोलायचं होतं, सर. आता काय बोलू?"

तिनं आवाज चढवला नाही. कप सरांच्या हातात दिला, आणि मोकळा ट्रे घेऊन ती आत गेली.