बाईंची पायपेटी

मी एक जुनी पायपेटी आहे. चर्चच्या डाव्या कोपऱ्यात, खिडकीखाली माझी जागा. पायांनी भाता मारायचा, हातांनी पट्ट्या दाबायच्या, की मी गाते. मला घडवणाऱ्या सुताराने माझी पट्टी न् पट्टी स्वतः कान लावून तपासली होती.

मित्रांनो, तीस वर्षे बाईंनी मला वाजवले. आठवडाभर त्या शाळेत भूगोल शिकवत आणि रविवारी उपासनेला माझ्यापाशी बसत. लोक वाहवा करत. मी फुलून जाई.

मग बाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. तरी त्या रोज दुपारी येत, डाव्या हाताने उजवा उचलून पट्ट्यांवर ठेवत. बोटे घसरत. एका गीतात दहा चुका! माझा भाताही फाटला होता, पण त्याकडे बघतो कोण? त्यांचा सूर चुके, माझा दम तुटे. आम्ही दोघी एकमेकींवर नुसत्या धुसफुसत असू.

एके दुपारी त्यांनी माझे झाकण धाडकन आपटले.

"घ्यायचंच होतं तर दुसरं काही घ्यायचं! आता देवाला माझा काय उपयोग?"

बाईंचे यजमान बाकावर बसले होते. गिरणीच्या खडखडाटात लग्नाआधीच त्यांचे कान गेलेले. ओठांवरून ते बोलणे ओळखत.

"अगं, तुझी पेटी मी एकदा तरी ऐकलीय का?" ते म्हणाले. "बरी वाजवतेस की वाईट, मला ठार बहिऱ्याला काय कळतंय! तरी तीस वर्षं समोर बसतोयच ना?"

"तुमचं वेगळं. देवाचं वेगळं."

"म्हणजे देव माझ्याहून कोत्या मनाचा? प्रभूने वधस्तंभावर जीव दिला, तो काय तुझी पेटी ऐकून?"

बाईंना हसायचे नव्हते, तरी हसू फुटले. मग त्या पुष्कळ वेळ रडल्या.

पुढच्या रविवारी बाईंच्या जागी गावच्या दवाखान्यातल्या एका परिचारिकेने मला वाजवले. बाई यजमानांशेजारी बसल्या होत्या. हात तसाच लुळा, पण त्या डोळे मिटून मोकळ्या गळ्याने गात होत्या. तीस वर्षांत त्यांचा गाता आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. वाजवताना त्या मनात मात्रा मोजत असत. खरे सांगते, मला रागच आला. माझ्यावाचून इतक्या शांत?

मित्रांनो, तो राग अजून पुरता गेलेला नाही. पण तुमच्या घरात कुणाचा हात, कान, डोळा थकला असेल, तर कामाचे नंतर विचारा. आधी जवळ जाऊन बसा.