प्लग कुणी लावला?

लिफ्टच्या कामात चाळीस वर्षं घालवलेल्या मेकॅनिकला विजेबद्दल सांगायला जाणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. "जाताना ती गरीब गाय असते, येताना मारका बैल," हे त्याचं ठरलेलं वाक्य. म्हणून वीज गेली रे गेली की तो घरभर फिरून सगळे प्लग काढायचा. बायको म्हणायची, "निघाले भाजी उपटायला."

त्या दिवशी सकाळी दहाला वीज गेली आणि फ्रिज, टीव्ही, राउटर, सगळं त्यानं सोडवलं. त्याच्या लेकीनं, ठमीनं, लॅपटॉपचा प्लग आपणहून काढला होता. शेवटी रक्त त्याचंच. मग बॅटरीवरच ती दोन तास मुलाखतीची तयारी करत बसली. घरून काम करायच्या नोकरीची मुलाखत होती, दुपारी तीनला. आठ महिने अर्ज करून करून आलेलं हे पहिलं बोलावणं.

बारा वाजता ती आंघोळीला गेली आणि मेकॅनिक खोलीत डोकावला. बॅटरी अकरा टक्के. प्लग बाहेर लोंबकळतोय. त्याला वाटलं, पोरगी घाबरलीय, विसरली बिचारी. वीज आल्या आल्या चार्जिंग सुरू व्हायला हवं. ज्या हातानं घरभरचे प्लग काढले, त्याच हातानं त्यानं तो एक लावला आणि वर बटणही दाबून ठेवलं. माया आली की अक्कल रजेवर जाते, ती अशी.

दहा मिनिटांत वीज आली. दिवा भप्पकन पेटला, पंखा गुरगुरला आणि लॅपटॉपच्या चार्जरमधून चट् असा आवाज आला.

"प्लग कुणी लावला?" ओल्या केसांनी ठमी दारात उभी होती. "मी काढला होता."

"मी लावला," स्वयंपाकघरातून बायकोनं क्षणाचाही विलंब न लावता सांगून टाकलं. "टेबल पुसताना."

मेकॅनिकनं घाईघाईनं चष्मा चढवला.

त्यानं आधी सॉकेटला टेबललॅम्प लावून पाहिला. पेटला. चार्जर दुसऱ्या सॉकेटला लावला. त्याचा हिरवा दिवा लागेना. नाकाशी धरला तर जळका वास.

"हा कामातून गेला," तो म्हणाला. "लॅपटॉपचं अजून सांगता येत नाही."

समोरच्या शिकवणीवाल्या बाईंकडे तसाच चार्जर निघाला. भिंग लावून त्यानं दोन्हींवरचे व्होल्ट जुळवले, मगच लावला. पिन जरा सैल बसत होती, पण दिवा लागला. चार्जिंग मात्र होईना. बॅटरी सात टक्के.

"आता एकच उपाय," तो म्हणाला. "पूर्ण बंद करायचा, चार्जर काढायचा आणि बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. आत अडकलेली वीज निघून जाते. पण परत चालू झालाच नाही तर...?"

"तर मुलाखत गेली," ठमी म्हणाली.

त्याचा हात बटणापाशी थांबला. खरं न सांगता पुढं जाणं त्याच्या जिवावर आलं.

"प्लग आईनं नाही लावला. मी लावला."

"माहितीये. आई मिक्सरचा प्लगसुद्धा तुमच्याकडून लावून घेते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी सांगता ते बघत होते." तिनं लॅपटॉप बंद करून त्याच्यापुढं सरकवला. "दाबा, बाबा."

त्यानं दाबलं. आकडे बायकोनं मोजले, मोठ्यानं, दोनदा चुकत. तिसाला त्यानं बोट उचललं, चार्जर लावला, बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. मग उजळला आणि बॅटरीच्या चित्रावर वीज उमटली. बायकोनं पदरानं डोळे टिपले आणि कांदा चिरायचा राहिलाय म्हणत आत गेली.

पण सैल पिन सैलच होती. जरा धक्का लागला की चार्जिंग बंद. मग काय, तीन वाजता ठमी खुर्चीत नटूनथटून बसली आणि मेकॅनिक टेबलाखाली मांडी घालून, एक हात वर करून पिन धरून बसला. गुडघे बोंबलत होते. पाऊण तास तो जोरात श्वाससुद्धा घेत नव्हता.

शेवटी पडद्यावरच्या, मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "घरून काम करताना यंत्र बिघडलं तर? मदतीला कोणी आहे का?"

"आहे ना," ठमी म्हणाली. "चाळीस वर्षांचा अनुभव असलेले मेकॅनिक आहेत घरात."

"अरे वा! विश्वासाचे आहेत?"

टेबलाखाली त्यानं मान खाली घातली.

"हो," ती म्हणाली. "चुकले तर स्वतः सांगतात."

त्याचे डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळा नव्हता.